दहा लाखांतले तीन आणि मावशीचा पत्र्याचा डबा

लालबागच्या आमच्या चाळीतल्या मजल्यावरच्या अकरा बायका दर दिवाळीला मिळून एक तिकीट काढतात. प्रत्येकीचे पन्नास. पाचशेचं सरकारी लॉटरीचं बंपर तिकीट, आणि उरलेल्या पन्नासाचे देवापुढे पेढे. पेढे आधीच खायचे, निकालाची वाट बघायची नाही. निकाल काय लागणार हे सगळ्यांना माहीत असतं, असं माझी आई म्हणायची. आईही त्या अकरांतली एक.

तिकीट लालबागला काढत नाहीत. चौथ्या खोलीतल्या काकू गिरगावच्या फणसवाडीतल्या एका खानावळीत पोळ्या लाटायला जातात, तिथल्या कोपऱ्यावरच्या स्टॉलवरून त्याच आणतात. लालबागच्या स्टॉलवर बायकांनी रांग लावली तर दीर, नवरे, मंडळाची पोरं बघतात. गिरगावात कोण ओळखतंय.

तिकीट कुणाच्या घरात राहणार याची पाळी ठरलेली. निकाल लागला, म्हणजे काही लागलं नाही हे कळलं, की ते तिकीट मिरचीवाल्या मावशीकडे जमा करायचं. ती ते खोबरेल तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. लक्ष्मी केराच्या टोपलीत टाकू नये म्हणून. एकोणीस वर्षांची तिकिटं आहेत त्यात, रबर लावून. मी शाळेत असताना तो डबा उघडून त्यावरची चित्रं बघायचे.

ही मावशी माझी सख्खी मावशी नाही. शेजारच्या खोलीत एकटी राहते, मालवणकडची, नवरा गिरणीत होता, गिरणीबरोबर तोही गेला. गेली तेवीस वर्षं ती बाजारातल्या एका मसाल्याच्या दुकानात डंखावर बसते. डंख म्हणजे मिरची कुटायचं यंत्र, लोखंडी मुसळं वर-खाली आपटत असतात आणि त्यांच्याखाली हात घालून मिरची परतायची असते. मार्चपासून जूनपर्यंत अख्खी मुंबई तिथे मिरच्या घेऊन येते. मावशी नाकाला पदर बांधते, डोळ्यांना काही नाही. संध्याकाळी तिच्या जवळून गेलं तरी शिंक येते. मसाला तिच्या हातचा. भाजणीचा अंदाज तिचा. गिऱ्हाईक तिचं नाव घेत येतं. दुकानावर पाटी मालकाची.

तिला स्वतःचा डंख हवा होता. एवढंच. दुसरं काही तिने कधी मागितलेलं मी ऐकलं नाही.

मागच्याच्या मागच्या दिवाळीला तिकीट लागलं. दहा लाख.

काकू खानावळीतून धावत आल्या नाहीत. नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या पिशवीसकट आल्या, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "जरा सगळ्या बाहेर या गं." मग गॅलरीत अकरा बायका एका मोबाइलवर वाकल्या आणि आकडे तीनदा वाचले. माझ्या आईने चौथ्यांदा वाचायला मला बोलावलं, कारण मी शिकलेली.

आता माझ्याबद्दल. मी भाडेकरूंच्या संघटनेत काम करते. पुनर्विकास, पाणी, संडास, बिल्डरची खोटी पत्रं. मी पत्रकं लिहिते. गेल्या सहा वर्षांत लालबाग-परळमध्ये दाराखालून सरकवलेल्या पत्रकांपैकी बरीच माझी. पत्रक लिहिणाऱ्याला एक सवय लागते: माहीत नसलेली गोष्टही ठणकावून सांगायची. मी हे आज लिहिते आहे. तेव्हा मला वाटायचं, मला माहीतच आहे.

बायका दावा कुणाच्या नावाने करायचा यावर बोलत होत्या. तिकिटाच्या मागे एकीनेच सही करायची असते. पाळी आईची होती, तिकीट आमच्या देवघरात होतं. आई म्हणाली, मीच करते सही. तिला माझ्या वडिलांची पेन्शन आहे, बँकेत थोडं व्याज येतं.

मी म्हणाले, "वेडी आहेस का? तुझं उत्पन्न आहे. कर कापतील. मावशीच्या नावावर कर. तिला मिळतं काय? तिच्या कमाईला कर बसतच नाही. एक रुपया कापला जाणार नाही."

"नक्की ना?" काकूंनी विचारलं.

"काकू, मी रोज हेच करते."

मी रोज हे करत नव्हते. मी रोज संडासांवर पत्रकं लिहीत होते. पण कुणी पुढे विचारलं नाही. मावशीने तिकिटाच्या मागे सावकाश सही केली. प्रत्येक अक्षर काढताना ती ओठ हलवते.

तिच्याकडे पॅन कार्ड नव्हतं. कधी लागलंच नाही. मी काढून दिलं. ते पोस्टाने आलं तेव्हा तिने फोटो निरखून बघितला आणि म्हणाली, "गो, मी इतकी म्हातारी झालंय?" मग ते हळदीकुंकू लावून देवापुढे ठेवलं.

पैसे वाटून घ्यायचे नाहीत हे पहिल्याच आठवड्यात ठरलं, आणि ते मावशीने ठरवलं नाही. तिने एवढंच म्हटलं होतं की मला माझा वाटा मिळाला की मी बघेन काहीतरी. सातव्या खोलीतली वहिनी बोलली. ही घरी शिलाई करते, हिशोबात पक्की. "नव्वद हजारात मावशीचा डंख येणार नाही. दहा लाखांत येईल. सगळ्यांचा मिळून घेऊ. मालक आपणच, कुटणार मावशी, भाजायला आम्ही. घरबसल्या सीरियल बघून तरी काय मिळतंय?"

मला अजून आठवतं, गॅलरीत किती हसत होत्या त्या. एक म्हणाली, माझ्या सासूला भाजायला बसवा, तिला आग लावायची सवय आहे. दुसरी म्हणाली, पाटीवर काय लिहायचं? "अकराजणी" लिहा. मावशी म्हणाली, "पाटी नंतर गो. आधी जागा होयी."

जागा मिळाली परळला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. छोटा गाळा. मालकाला सहा लाख डिपॉझिट आणि भाडं बेताचं. डंख, मोटर, विजेचा वेगळा मीटर, भाजायच्या कढया असं मिळून साडेतीन. साडेनऊ झाले. पन्नास हजार हाताशी राहिले. आकडे बसत होते, असे बसत होते की मी वहीतल्या त्या पानाचा फोटो काढून ठेवला.

गाळेवाला थांबायला तयार नव्हता. बायकांनी भिशी मोडली आणि पन्नास हजारांचा बयाणा दिला. होळीपर्यंत उरलेले पैसे नाही दिले तर बयाणा बुडाला, असं कागदावर लिहिलं होतं. तो कागद मीच वाचला. मीच म्हणाले, काही हरकत नाही, जानेवारीत पैसे येतायत.

जानेवारीत पैसे आले. सात लाख.

मावशी पासबुक भरून आणायला एकटीच गेली होती. परत येताना ती जिन्यातच थांबली आणि मला खालून हाक मारली. वर आली नाही. मी उतरले. तिने पासबुक माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "तीन खय गेले?"

मी म्हटलं, बँकेची चूक असेल. मी बँकेत गेले, बँकेने लॉटरी कार्यालयाकडे बोट दाखवलं. लॉटरी कार्यालयातल्या माणसाने मला एक कागद दिला. तीस टक्के कर. पैसे द्यायच्या आधीच कापलेला, मावशीच्या नव्या कोऱ्या पॅन नंबरावर जमा केलेला.

"पण त्यांना उत्पन्नच नाही," मी म्हणाले.

"हे आलं ना," तो म्हणाला. तो उद्धट नव्हता. त्याला हे दिवसातून दहादा सांगावं लागत असणार.

मी मजल्यावर सांगितलं, कापलेला कर परत मिळतो, विवरणपत्र भरलं की परत मिळतो. हेही मला माहीत नव्हतं. पण ऐकलेलं होतं, नोकरीवाल्यांना मिळतो म्हणे. वहिनीने या वेळी विचारलं, "मिळतो म्हणे, की मिळतो?" मी म्हणाले, मिळतो.

दादरला एक सीए आहेत. आमच्या संघटनेचे हिशोब ते फुकट बघतात, कबुतरखान्याच्या मागे एका जिन्यावर त्यांचं ऑफिस. मी, मावशी आणि वहिनी गेलो. मावशीने इस्त्रीची साडी नेसली होती आणि मांडीवर पिशवी घट्ट धरली होती.

सीएंनी कागद बघितला, चष्मा वर केला. "बरोबर आहे. लॉटरीला सरळ तीस टक्के. पहिल्या रुपयापासून."

"पण साहेब, ठरावीक रकमेपर्यंत कर नसतो," मी म्हणाले.

"पगाराला नसतो. धंद्याला नसतो. लॉटरीला ती सूट लागू नाही. बक्षीस भिकाऱ्याला लागो नाहीतर कारखानदाराला, तीस म्हणजे तीस."

"म्हणजे हिच्या नावावर केलं काय आणि माझ्या आईच्या नावावर केलं काय..."

"काही फरक नाही."

वहिनीने माझ्याकडे बघितलं नाही. तिने खिडकीकडे बघितलं. ते जास्त लागलं.

तेव्हा मावशीने पिशवीतून डबा काढला.

खोबरेल तेलाचा तो पत्र्याचा डबा, टेबलावर, सीएंच्या फायलींच्या मधोमध. तिने झाकण उघडलं, रबर सोडलं आणि एकोणीस वर्षांची तिकिटं जुगारातले पत्ते लावावेत तशी नीट लावली. रंग उडालेली, एकदोन मिरचीच्या हातांनी लाल झालेली. म्हणाली, "साहेब, ह्यो खर्च. दुकानात मालक वर्साक हिशोब करतो, तेवा मिरचेचा खर्च धरतो, पोत्याचा धरतो, माझी मजुरी धरतो. मग नफ्यार टॅक्स भरतो. आमचो खर्च धरा. पावत्यो सगळ्यो आसत."

मला आधी कुणी सांगितलं असतं की मावशी हे करणार आहे तर मी तिला थांबवलं असतं. लाज वाटली असती मला. पण तिथे बसून तिचं बोलणं ऐकताना मला कळलं, की या खोलीत व्यापाराचा कायदा तिला माझ्यापेक्षा बरा समजलेला आहे. कमावायला जे घातलं ते वजा करा, उरलं त्यावर कर घ्या. तेवीस वर्षं ती हेच मालकाच्या गल्ल्यामागे उभी राहून बघत आली होती.

सीए हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी तिकिटं हातात घेतली, वर्षं बघितली. मग म्हणाले, "मावशी, यात खर्च धरत नाहीत."

"एकोय नाय?"

"एकही नाही. जे लागलं त्या तिकिटाचे पाचशेसुद्धा नाहीत."

"आणि मालकाचो?"

"त्यांचा धरतात. तो धंदा आहे."

मावशी तिकिटं गोळा करायला लागली, वर्षाप्रमाणे, एकेक.

मी तिथे भांडले. त्यांच्याशी भांडून उपयोग नव्हता तरी भांडले. तिकीट विकताना सरकार जीएसटी घेतं, तोही सगळ्यात वरच्या दराने, म्हणजे त्या पाचशेतही सरकार आहे. तिकीट विकतं सरकार. हरलात तर सगळे पैसे सरकारचे. जिंकलात तर तीस टक्के परत सरकारचे. शेअरबाजारात बुडालेला माणूस पुढची आठ वर्षं तो तोटा बाजारातल्याच नफ्यातून वजा करू शकतो, आणि मिरची कुटणाऱ्या बाईने एकोणीस वर्षं जपलेल्या तोट्याला तुमच्या कायद्यात किंमत शून्य. का? तर म्हणे हा जुगार आहे. जुगार असेल तर विकता कशाला? त्यावर देवीचं चित्र छापून, दिवाळीच्या तोंडावर, कोपऱ्याकोपऱ्यावर?

सीए म्हणाले, "हे तू पत्रकात लिही. माझ्या इथे नको." मग कागद परत बघत म्हणाले, "अजून एक आहे. कापलेल्या तीस टक्क्यांत सेस धरलेला नाही. करावर चार टक्के. बारा हजार. ते मार्चअखेरच्या आत भरलेले बरे, नाहीतर व्याज लागेल. मावशींच्या नावावर."

"अजून?" वहिनी म्हणाली. तेवढा एकच शब्द.

घरी आल्यावर गॅलरीत बैठक झाली. मी उभी राहून सांगितलं, चूक माझी. मी माहिती न काढता बोलले. बयाणा माझ्या शब्दावर दिला गेला. मला वाटलं होतं कुणीतरी म्हणेल, असू दे गं. कुणी म्हणालं नाही. काकू म्हणाल्या, "तू संडासाचंही असंच लिहितेस का?" दोघीतिघी हसल्या. आई हसली नाही. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली.

वहिनीने वही उघडली. सात लाखांतून डिपॉझिट सहा. उरला एक लाख, त्यात डंख येत नाही. कर्ज काढू, ती म्हणाली. मावशी म्हणाली व्याजावर मिरची कुटायची नाही. गाळेवाल्याकडे मी आणि वहिनी जाऊन आलो. तो म्हणाला, डिपॉझिट कमी करतो, भाडं तिप्पट करा. वहिनीने तिथेच आकडा मांडला. सीझनचे चार महिने जे मिळेल ते वर्षभराच्या भाड्यात जाणार. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "मगे मालक बदलूक तरी कित्याक?"

त्यानंतर जे झालं त्याची मला खरी चीड येते. दहा लाख होते तोवर ते एकीचे नव्हते, सगळ्यांचे होते. त्याचे सात झाले तशी प्रत्येकीला आपली साठ-सत्तर हजारांची चिल्लर दिसायला लागली. एकीच्या मुलाची फी होती. एकीच्या दातांचं काम. एकीच्या नवऱ्याला कुठून तरी कळलं होतं. कुणी वाईट नव्हतं. दिवाळीत पाटीवर काय लिहायचं यावर हसणाऱ्या बायका आता खाली बघून म्हणत होत्या, वाटून टाकू या. हात वर केले तेव्हा वाटण्याच्या बाजूने सात होते. विरुद्ध वहिनी, काकू आणि माझी आई. मावशीने हात वर केलाच नाही, या बाजूलाही नाही, त्या बाजूलाही नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "सगळ्यो म्हणतत तसा."

कायद्याला हे काय ठाऊक असणार. त्याच्या लेखी दहा लाखांतून तीन गेले, सात उरले. आमच्या मजल्यावर डंखाची जागा गेली, आणि ती सातातून भरून येत नव्हती.

होळीला बयाणा बुडाला. गाळ्यात आता मोबाइलच्या काचा बदलून देतात. बायकांनी बुडालेल्या पन्नास हजारांसकट सगळं समान वाटून घेतलं. सेसचे बारा हजार त्यांच्याकडून घ्यायला मी नकार दिला. मी भरले. चलन मावशीच्या नावाचं, पैसे माझे. ज्या कराविरुद्ध मी दादरला आवाज चढवला होता तो मी मोबाइलवरून, ओटीपी टाकून, पूर्ण भरला. मानधनातून ते गेल्यावर तो महिना कसा काढला हे लिहीत नाही.

एप्रिलमध्ये आईच्या मिरच्या घेऊन मी दुकानात गेले. मावशी त्याच डंखावर होती, नाकाला पदर. मला बघून तिने मान हलवली आणि आमच्या मिरच्या रांगेत ज्यांचा नंबर होता त्यांच्यानंतरच घेतल्या. कुटून झाल्यावर वजन केलं, किलोमागे जो दर होता तो सांगितला. मी दिला. एक रुपया सोडला नाही तिने. मला बरं वाटलं, का ते माहीत नाही. दुकानाचा मालक गल्ल्यावरून म्हणाला, "काय मग, लॉटरीवाल्या मावशी?" मावशी पुढच्या गिऱ्हाइकाची मिरची ओतत म्हणाली, "लागली ती सरकाराक."

पत्रक मी लिहिलं. दोन पानं, वर जाड अक्षरांत मागण्या. छोट्या बक्षिसांना सूट द्या, तिकिटांचा खर्च वजा धरा, तिकिटाच्या दर्शनी बाजूवर, देवीच्या चित्राइतक्याच मोठ्या अक्षरांत, किती कापणार ते छापा. बायकांनी ते छापू दिलं नाही. सासरी-माहेरी कळेल म्हणाल्या, आम्ही तिकिटं काढतो ते. म्हणून हे असं, नावं न घालता.

मागच्या दिवाळीआधी संध्याकाळी मावशी दारात आली. हातात दहा जणींचे पन्नास-पन्नास, अकरावे पन्नास घ्यायला आईकडे हात पुढे केलेला. आईने दिले. मी म्हणाले, "परत? कळलंय ना आता सगळं?"

"कळला," मावशी म्हणाली. "डबो दी."

डबा माझ्याकडे होता. पत्रकासाठी तिकिटांचे फोटो काढायला मी आणला होता आणि परत द्यायचा राहिला होता. मी काढून दिला. तिने तिथेच उंबऱ्यावर बसून उघडला, तिकिटं मोजली, एकोणीस. विसावं, लागलेलं, सरकारजमा. मग म्हणाली, "तो कागद खय? तू भरलंस तो." मी सेसच्या चलनाची प्रिंट आणून दिली, मला वाटलं तिला नाव बघायचं असेल. तिने नाव बघितलं, ओठ हलवत वाचलं. चलनाची चार घड्यांची घडी केली, तिकिटांच्या आकाराची, आणि गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवून रबर लावलं.

"ह्योय खर्चच," ती म्हणाली, आणि पन्नास रुपयांचे पेढे आणायला कुणाला पाठवायचं ते आईला विचारायला लागली.